काकींच्या दाराची काच

मुंबईत भाड्याने खोली शोधणाऱ्या मुलीला काय काय विचारतात, ते मला तोवर पाठ झालं होतं. लग्न ठरलंय का, मांसमच्छी खातेस का, घरी किती वाजता येतेस, कोण कोण भेटायला येणार. काकींनी यातलं काहीच विचारलं नाही. मी दारात चपला काढत असतानाच त्यांनी माझ्या हातात एक काच ठेवली आणि म्हणाल्या, "ही आत ओट्यावर नेऊन ठेव बघू."

मी ती दोन्ही हातांवर आडवी घेऊन निघाले.

"ताट आसा काय ता? उभी धर. आडवी धरलीस तर मधोमध मोडतली."

मी उभी धरली. ओट्यापर्यंत नेली, भिंतीला टेकवली, आणि टेकवताना तिच्याखाली तिथलंच एक फडकं सरकवलं. हे फडक्याचं मला कुणी शिकवलं नव्हतं, सुचलं म्हणून केलं. काकी मागून बघत होत्या. "सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या. आधार कार्डाची झेरॉक्स मी खास काढून नेली होती, ती तशीच पर्समधून परत आली.

दहिसरला नदीच्या अंगाला एक जुनी तीन मजली इमारत आहे, तिच्या पहिल्या मजल्यावर हे घर. बाहेरची खोली माझी, आतली काकींची, तिच्या मागे स्वयंपाकघर. मी सांगलीकडून नोकरीसाठी आलेली, अंधेरीला एका ऑफिसात दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घेणारी. काकींचं वय तेव्हा सदुसष्ट. माणूस म्हणून त्या किती विक्षिप्त आहेत हे कळायला मला आठ दिवस पुरले, आणि त्या किती मोठ्या आहेत हे कळायला दोन वर्षं लागली. हे मी आता मोकळेपणाने कबूल करते.

काकी फोटोंच्या फ्रेमा करायच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी स्टेशनजवळ फ्रेमचं लहानसं दुकान टाकलं. पण त्यांचा हात जड. काच कापायला घेतली की दर तिसरा तुकडा हमखास वाया. काकी डबा घेऊन जायच्या आणि बाजूला बसून बघत राहायच्या. एक दिवस त्यांनी यजमानांच्या हातातून हिरकणी काढून घेतली. हिरकणी म्हणजे काच कापायचं हत्यार, लाकडी मुठीला टोकाशी हिऱ्याचा कण बसवलेलं. त्या दिवसापासून यजमान गल्ल्यावर आणि काकी टेबलावर. यजमान गेले, गुडघे दुखायला लागले, तेव्हा त्यांनी दुकान सोडलं आणि टेबल उचलून घरात आणलं. गिऱ्हाईक जिने चढून यायला लागलं.

काकी माणसांना नावाने ओळखत नसत. "तो दोन गणपती आणि एक साईबाबा", "ती सोनेरी पट्टीवाली", "तो बापाचा फोटो न्यायला अजून इलो नाय तो" अशी त्यांच्याकडे सगळ्या दहिसरची यादी होती. कुणाच्या घरी गेल्या की पाणी प्यायच्या आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायच्या. एकदा खालच्या मजल्यावरचे आजोबा वारले. काकींबरोबर मीही भेटायला गेले होते. सगळे डोळे पुसतायत, आणि काकी हार घातलेल्या फोटोपाशी वाकून, मागे हात घालून काहीतरी चाचपतायत. मग सुनेजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "मागे पुठ्ठो लावलेलो नाय. पावसाळ्यात म्हाताऱ्याक बुरशी येतली. माझ्याकडे पाठवून दे." मला जमिनीत शिरावंसं वाटलं. सुनेने तेराव्यानंतर फोटो पाठवला, हेही सांगायला हवं.

आणि इतक्या फ्रेमा केलेल्या या बाईच्या स्वतःच्या घरात एकही फ्रेम नव्हती. यजमानांचा फोटो कपाटात साड्यांच्या घडीत. मी एकदा विचारलं. "भिंतीवर लावलंय तर दिवसभर माझ्या कामातल्या चुका बघत बसतले," काकी म्हणाल्या, "जिते असताना काय कमी काढल्यानी?"

टेप त्यांनी कधी वापरली नाही. गाठी मारलेला एक दोरा होता, त्याने मापं घ्यायच्या. आणि काच कापताना घरात आवाज चालत नसे. पंखा बंद, फ्रिज बंद, टीव्ही बंद. हिरकणी फिरताना जो बारीक सर्र असा आवाज येतो, तो अखंड आला पाहिजे; मध्येच खरखरला तर काच तिथे दगा देणार. "काच बोलता गो. आयकूक व्हया," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खालच्या वहिनींचा मिक्सर चालू असला तर मला पळवायच्या. मी खाली जाऊन सांगायची, "वहिनी, पाच मिनिटं चटणी थांबवा, काकी काच कापतायत." वहिनी थांबवायच्या. एवढा दरारा होता.

मग एका सकाळी काकी न्हाणीघरात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. मी ऑफिसला गेलेली. दोन तास त्या तिथेच पडून होत्या. शेवटी वहिनींना हाक ऐकू गेली. प्लास्टर सहा आठवडे राहिलं. ते निघालं त्यालाही पुढे चार महिने झाले, पण काकींनी हिरकणी हातात घेतली नव्हती. गिऱ्हाईक आलं की, "नंतर ये, सध्या काम बंद आसा." चहाचा कप त्या दोन हातांनी धरायला लागल्या होत्या. मी बघितलं की चटकन खाली ठेवायच्या.

आता त्या दाराकडे येते. माझी खोली आणि काकींची खोली यांच्यामधल्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. बारीक पानांची नक्षी असलेली, पलीकडचं दिसू न देणारी पण उजेड आत सोडणारी. माझ्या खोलीला खिडकी एकच, ती समोरच्या इमारतीच्या भिंतीला नाक लावून. त्यामुळे माझ्याकडे जो काही उजेड यायचा, तो त्या दारातून.

ती काच मी फोडली.

ऑफिसातल्या वरिष्ठाने ऐन वेळी माझी रजा नाकारली होती. शनिवारी संध्याकाळी त्याच्याशी फोनवर भांडले, फोन ठेवला, आणि तो राग दारावर काढला. माझा स्वभाव तेव्हा असाच होता. अजूनही फार सुधारलाय असं नाही. दार आपटलं आणि वरची सगळी काच खाली आली.

काकी पलीकडे उभ्या होत्या. त्यांचा पहिला शब्द काचेबद्दल नव्हता. "हलू नको. पायात काय आसा?" मी अनवाणी होते. त्यांनी माझ्या चपला आणून पुढे ठेवल्या, मोठे तुकडे डाव्या हाताने वेचले, मग कणकेचा ओला गोळा घेऊन खाली बसल्या आणि फरशीवर दाबत दाबत बारीक कण टिपून घेतले. मी नुसती, "काकी, काच फुटली, काकी, मी भरून देते," करत होते. "फुटली म्हणू नये. वाढली म्हणावं," त्या म्हणाल्या. बायका बांगडीबद्दल बोलतात, तसं काकी काचेबद्दल बोलायच्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी त्यांचा मुलगा मुलुंडहून येत असे. चांगला माणूस, बोलायला जरा करडा. त्याने दाराचा रिकामा चौकोन पाहिला, आईच्या हाताकडे पाहिलं, आणि गेले काही महिने पोटात धरलेलं सगळं बाहेर काढलं.

"आई, बस झालं आता. काच बसवायला माणूस बोलावतो म्हटलं तर नको. स्वतः करशील तर हात चालत नाही. त्या दिवशी दोन तास पडली होतीस, तेव्हा मी ऑफिसात चहा पीत होतो. मला झोप लागत नाही गं. चल मुलुंडला. इथे प्लाय ठोकून घेऊ, घर विकायला काढू."

"तुझ्या चौदाव्या मजल्यावर माझ्याकडे फोटो घेऊन कोण येतलो?"

"फोटो बस झाले ना आता. चार महिन्यांत एक फ्रेम तरी केलीस का?"

काकींनी दोरा उचलला आणि दाराच्या रिकाम्या चौकोनाला लावून पाहिला. मला भीती वाटली. निम्मी त्यांच्यासाठी आणि निम्मी स्वतःसाठी, कारण त्या गेल्या की माझीही खोली जाणार होती. काकी म्हणाल्या, "पुढच्या रविवारी ये. माझ्या हाताने दाराक काच बसवली नसली तर मी पिशवी भरून तयार. बसवली असली तर हो विषय परत काढायचो नाय."

"नक्की?"

"नक्की."

मुलगा कबूल झाला. ज्या सहजपणे झाला, त्यावरून त्याचं मत कळत होतं.

पानांच्या नक्षीची काच आता बाजारात मिळत नाही. पण कपाटामागे दुकानाच्या काळातला एक मोठा तुकडा गोधडीत गुंडाळून ठेवला होता. दोरा लावून काकींनी मोजलं. दाराच्या मापाचे दोनच तुकडे निघत होते.

सोमवारपासून सराव सुरू झाला. जुन्या फ्रेमांच्या निकामी काचा त्यांच्याकडे ढिगाने होत्या. सकाळी मी अंघोळ करून यायची तो टेबलावर चादर अंथरलेली, हिरकणी रॉकेलच्या वाटीत बुडवलेली, काकी ओठ आवळून उभ्या. हात वीतभर नीट जायचा आणि मग मनगट थरथरायला लागायचं. आवाज खरखरायचा. त्या तो तुकडा बाजूला ठेवायच्या आणि दुसरा घ्यायच्या. मंगळवारपर्यंत तुकड्यांनी बादली भरली. मी म्हटलं, "काकी, मी मुलाला सांगते की मीच फोडली, तुमचा यात काय दोष?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी डबा घेऊन निघाले.

बुधवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. टेबल खोलीच्या मधोमध ओढलेलं. उजवं कोपर त्यांनी कमरेशी घट्ट दाबून धरलं होतं आणि मनगटावर पट्टा बांधला होता. "हात हलतो म्हणून घोळ होता," त्या म्हणाल्या, "तर हात हलवायचोच नाय. मीच चालतंय." मला लाकडी पट्टी दाबून धरायला सांगितली. पंखा बंद, फ्रिज बंद, खाली वहिनींना निरोप. हिरकणी काचेला टेकवून काकी एकेक पाऊल मागे मागे चालत गेल्या. टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. कोपर कमरेला, नजर काचेवर, आणि तो आवाज एका सुरात, सर्र, शेवटपर्यंत. रेघेखाली आगपेटीची काडी ठेवून त्यांनी दोन्ही बाजूंना दाब दिला. टक. सरळ, स्वच्छ कड.

मी ओरडणार होते, त्यांनी हातानेच गप्प केलं. पण त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी पाहिलं. मला ऑफिसला उशीर झाला आणि त्याचं मला काहीही वाटलं नाही.

निकामी काचेवर जमलं होतं. गुरुवारी नक्षीची काच घेतली. तशीच कापली, तशीच निघाली. दाराच्या खाचेत बसवली तर केसही आत जायला जागा नाही. काकींनी चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि लांब उभं राहून बघितलं. माझ्या खोलीत परत उजेड आला. मी त्यांच्यासाठी जिलेबी आणायला खाली उतरले.

परत आले तेव्हा काकी पलंगावर बसल्या होत्या. नदीकडून वारा आला होता, स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, आणि दार धाडकन लागलं होतं. काचेच्या खालच्या कोपऱ्यातून वरपर्यंत एक तिरकी रेघ गेली होती. मी काही बोलायच्या आत त्या उठल्या आणि कपाटातून साड्या काढून पिशवीत ठेवायला लागल्या. मी रडायला लागले. लहान पोरीसारखी, नाक पुसत. काकींनी दोनच साड्या ठेवल्या आणि मग पिशवीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

"रडून काय काच जोडणार नाय," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी मी मोबाईलवर दाराला काच बसवणाऱ्या एका कारागिराचा व्हिडिओ शोधला आणि त्यांच्यापुढे धरला. "त्या मोबाईलातल्या माणसान आयुष्यात किती काचा लावल्यान?" असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. मी फोन ओट्यावर चालू ठेवून तोंड धुवायला गेले. परत आले तर काकी चष्मा लावून फोनवर वाकल्या होत्या.

"चारी बाजूक किती सोडता तो?"

"एक सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारांचं माप. काकींनी फोन खाली ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. "इतकी वर्षां फ्रेमा केलंय. फ्रेमेत काच घट्ट बसवायची, धूळ जाता नये म्हणून. पण फ्रेम भिंतीवर गप रवता गो. दार खय गप रवता? ता दिवसभर आपटता. त्याच्यात काचेक अंग हलवूक जागा नको?" हात नव्हता चुकला. हात बरोबर होता, म्हणूनच काच फुटली होती. हे उमगल्यावर त्या हसल्या, आणि प्लास्टर निघाल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. पिशवीतल्या दोन साड्या त्यांनी परत कपाटात टाकल्या.

शनिवारी मी रजा घेतली. विचारली नाही, घेतली. शेवटचा तुकडा टेबलावर ठेवला. गुळगुळीत बाजू वर, नक्षी खाली. काकींनी दोऱ्याने माप घेतलं आणि सगळीकडून एकेक सूत आत खूण केली. चार वेळा त्या टेबलाच्या कडेने मागे चालत गेल्या, चार वेळा मी श्वास रोखून पट्टी धरली. खाली वहिनींनी तर मिक्सरच काय, कुकरही उतरवून ठेवला होता. चारही बाजू निघाल्या. मग खडूची पूड आणि जवसाचं तेल एकत्र करून त्यांनी लांबी, म्हणजे काच बसवायचा लगदा, मळली, पुऱ्यांच्या कणकेइतकी घट्ट, आणि खाचेत तिचा थर दिला. काच त्यात दाबून बसवली. पट्ट्यांच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकताना हातोडी काचेवरून सरपटत नेली, एकदाही उचलली नाही. कडेची जास्तीची लांबी सुरीने कापून काढली. सगळं व्हायला दुपार झाली. मग आम्ही दोघींनी बांगड्याचं तिखलं आणि भात खाल्ला, आणि काकी नेहमीसारख्या एक वाजता झोपल्या त्या चार वाजता उठल्या.

रविवारी सकाळी मुलगा आला, तो एकटा आला नाही. बरोबर एक सुतार होता आणि सुताराच्या काखेत मापाने कापलेला प्लाय. काकींनी प्लायकडे पाहिलं आणि चहा ठेवायला गेल्या. मुलगा दारासमोर उभा राहिला. पलीकडच्या खिडकीतलं ऊन काचेवरच्या पानांतून त्याच्या शर्टावर पडलं होतं.

"माणूस बोलावलास ना कोणीतरी?" त्याने मला विचारलं.

मी म्हटलं, "पट्टी मी धरली. बाकी सगळं त्यांनी केलं."

त्याला पटलं नसावं. पण तेवढ्यात सुतार पुढे झाला. त्याने प्लाय भिंतीला लावून ठेवला, काचेवर बोटाच्या पेराने वाजवलं, पट्ट्यांच्या कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला, खाली वाकून लांबीची कड बघितली. मग दार हळूच लावलं, हळूच उघडलं. काकी स्वयंपाकघरातून आल्या, त्याला बाजूला केलं, दार पूर्ण उघडलं आणि जीव खाऊन आपटलं. खालच्या मजल्यावर वहिनींचा नातू दचकून रडायला लागला. काचेने हूं की चूं केलं नाही.

सुतार मुलाकडे वळला. "साहब, ये किसने बिठाया? ऐसा काम आजकल कोई करता नहीं. बोरिवली में एक पुराना बंगला है मेरे पास, बारा दरवाज़े, सब में ऐसाच काँच. दो महीने से आदमी ढूंढ रहा हूँ. उसका नंबर दो ना."

मुलगा आईकडे बघत राहिला. काकी पदराला हात पुसत होत्या. उजवा हात, आणि तो कापत होता, आणि त्यांनी तो लपवला नाही. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी स्पष्ट पाहिलं. त्याने खिशातून फोन काढला, नंबर शोधला आणि सुताराला एकेक आकडा सांगितला.

"नाम क्या लिखूँ?" सुताराने विचारलं.

"आई," मुलगा म्हणाला. "मेरी माँ है."

"एक ते चार मी झोपतंय," काकी म्हणाल्या, "ता पण लिहून घे म्हणा त्याका."